लिफ्ट, ओळखपत्र आणि पाच लाखांचा अर्ज

नळस्टॉपची_मीना

परवा आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. पाण्याची टाकी, गळती, पाहुण्यांच्या गाड्या असे नेहमीचे विषय आटोपले. मग 'आयत्या वेळचे विषय' आले आणि एक काका उठून म्हणाले, कचरा न्यायला येणाऱ्या मावश्यांनी लिफ्ट वापरायची नाही असा ठराव करा, वास येतो. इमारत सात मजली. मावश्या दोन, त्यातल्या एकीचे गुडघे गेलेले. कुणीतरी विचारलं, "मग कचरा खाली आणायचा कसा?" उत्तर आलं, "जिना आहे की!"

ठराव मंजूर झाला नाही, पण फेटाळलाही गेला नाही. पुढच्या सभेवर गेला. मीही हात वर करून काही बोलले नाही, हे आधीच कबूल करून टाकते.

घरी आल्यावर मात्र डोक्यातून जाईना. जिला आम्ही लिफ्टमध्ये घ्यायला तयार नाही, तिला या शहराने कागदोपत्री केव्हाच आत घेतलं आहे. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत सुरू झाली. डॉ. बाबा आढाव आणि एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातल्या कार्यकर्त्या त्यामागे होत्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही पालिकांनी कचरावेचकांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. त्याआधी पहाटे पोतं घेऊन फिरणारी बाई म्हणजे चोरच, असा हिशेब होता. पोलीस हटकायचे, कुत्री मागे लागायची. पालिकेच्या शिक्क्याने निदान पोलीस थांबले. (कुत्र्यांना शिक्का वाचता येत नाही.) पुढे पालिकेने त्यांच्या आरोग्यविम्याचा हप्ताही भरायला घेतला.

मग २००० सालच्या घनकचरा नियमांनी दारोदार कचरा गोळा करणं पालिकांवर बंधनकारक केलं. हे काम आता कंत्राटदारांच्या गाड्यांकडे जाणार, म्हणजे कचराकुंडीतून मिळणारी भाकरीही जाणार, हे या बायकांच्या लगेच लक्षात आलं. त्या म्हणाल्या, ते काम आम्हीच करतो. त्यातून 'स्वच्छ' ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये पालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. पालिका त्यांना पगार देत नाही. दरमहा शुल्क आपण देतो आणि सुका कचरा विकून मिळतं ते त्यांचं. ढकलगाड्या, हातमोजे, वर्गीकरणाला जागा, हे पालिकेने द्यायचं.

तर प्रश्न असा. 'सर्वांना सामावून घेणारं शहर' असं पालिका म्हणते तेव्हा प्रत्यक्षात काय होतं? तुमच्या गावात, तुमच्या पाहण्यात असं काही झालंय का? एक अट आहे. उद्घाटनाचं सांगू नका, पाच वर्षांनंतरचं सांगा.

आणि एक स्वार्थ. पुण्यात २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांना आपल्या भागातली कामं सुचवता येतात, एका कामाला पाच लाखांपर्यंत. बहुतेक लोक बाक आणि फुटपाथ सुचवतात. मला आमच्या फीडर पॉइंटजवळ, म्हणजे मावश्या जिथे ओला कचरा मोठ्या गाडीत देतात तिथे, त्यांच्यासाठी संडास आणि मोरी सुचवायची आहे. दिवसाचे सहा-सात तास त्या रस्त्यावर असतात आणि जायला जागा नाही. अर्ज कसा लिहावा, सांगा.

चौकस

वास हेच कारण असेल तर रविवारी बोंबील घेऊन वर जाणाऱ्या सभासदालाही जिना दाखवा म्हणावं.

दीडशहाणा_१९६२

मी त्या काकांच्या वयाचा, म्हणून त्यांची बाजू मांडतो. दगड मारू नका. आमच्याकडे ओल्या कचऱ्याचं पाणी लिफ्टमध्ये ठिबकायचं, फरशी चिकट व्हायची, एकदा एक आजी घसरल्या. तक्रार केली की लगेच 'तुम्ही जातीयवादी' असं ऐकावं लागतं. दुसरं, सगळ्यांना सामावून घ्या हे म्हणायला छान वाटतं. पण मालमत्ताकर आम्ही भरायचा, वर दरमहा शुल्कही आम्हीच द्यायचं, मग पालिका करते काय?

नळस्टॉपची_मीना

दीडशहाणे, दगड नाही मारत. पाणी ठिबकतं हे खरं आहे, पण ते कुठून येतं? आपण डाळ-भाताचं पातेलं निथळू न देता तसंच डब्यात उपडं करतो, तिथून. आमच्या मजल्यावर तीन घरांनी डब्याच्या वर चाळणी ठेवायला सुरुवात केली आणि ठिबकणं थांबलं. मावश्यांनी काहीच बदललं नाही.

शुल्काचा प्रश्न मात्र रास्त आहे. माझ्या मते पालिकेला यात आपल्याकडून आणि त्यांच्याकडून असं दुहेरी स्वस्त पडतं. जो कचरा दारातच वेगळा होऊन भंगारात जातो, तो वाहून नेण्याचा आणि डेपोत टाकण्याचा खर्च वाचतो. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं हा डेपो सोसला, कितीदा गाड्या अडवल्या. त्यांनाही या शहराने 'सामावून घेतलं' ते कचरा टाकायला. तो वेगळा धागा होईल.

पाटीवाल्याचा_मुलगा

पाच वर्षांनंतरचं सांगतो. शहराचं नाव देत नाही, कारण वडील अजून तिथेच गाडी लावतात.

२०१४ साली फेरीवाल्यांचा कायदा आला. कायदा वाचाल तर डोळ्यात पाणी येईल इतका चांगला आहे. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायचं, सर्वेक्षण झाल्याशिवाय कुणाला उठवायचं नाही. नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका. वडिलांचं सर्वेक्षण झालं. मोबाईलवर फोटो काढला, गाडीसमोर उभं करून, हातात पाटी देऊन. मी म्हटलं, बाबा, हा तर पोलीस ठाण्यातल्यासारखा फोटो आहे. ते म्हणाले, असू दे, नाव तर लागलं.

नंतर ओळखीतले एक काका समितीवर गेले. पहिल्या मिटिंगला इस्त्रीचा शर्ट घालून. मिटिंग सकाळी अकराची. भाजीवाल्याची अकराची वेळ म्हणजे काय, हे ज्याने ठरवलं त्याने कधी गाडी लावलेली नसणार. सकाळचं गिऱ्हाईक तेव्हा संपत येतं, उरलेला माल काढायचा असतो. त्यांनी पोराला गाडीवर बसवलं आणि गेले. साहेब आले पाऊण वाजता. विषयपत्रिका हातात पडली ती तिथेच, आठ पानं. 'सदर प्रस्तावास मान्यता देणेबाबत.' काका सातवी शिकलेत. सही केली. आठवड्याने कळलं की त्यांनी स्वतःच्याच गल्लीत फेरीवाल्यांना मनाई करणाऱ्या प्रस्तावावर सही केली होती.

आता ते मिटिंगला जाताना मला घेऊन जातात. मी दाराबाहेर थांबतो, ते कागदाचा फोटो पाठवतात, मी फोनवर समजावून सांगतो. आत बसायची परवानगी मला नाही. आमचा सहभाग असा चालतो, एक आत आणि एक बाहेर. ओळखपत्राला प्लास्टिकचं कव्हर आहे, ते गाडीच्या दांडीला टांगलंय. अतिक्रमणची गाडी आली की वडील आधी वजनकाटा उचलतात, मग कार्ड.

रेवा_के

पाटीवाले, प्रतिसाद दोनदा वाचला. ती 'सदर प्रस्तावास'ची भाषा! पंचवीस वर्षं मराठी शिकवते, मलाही टिपणी वाचून खाली 'म्हणजे काय?' असं लिहावंसं वाटतं.

दोन_चाकं

मी व्हीलचेअर वापरते. पाच वर्षांनंतरचं नाही, रोजचं सांगते.

आपल्या राज्यात पालिकांनी अंदाजपत्रकाचा पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी ठेवायचा असा नियम आहे. आधी तीन टक्के होता. पैसे ठेवतातही. त्यातून काय होतं? तीनचाकी सायकलींचं वाटप, अर्थसाहाय्य, शिबिरं, फोटो. या कुठल्याच गोष्टीला माझी ना नाही, ज्याला मिळतं त्याला ती लागते. पण मला लागतो तो फुटपाथचा उतार, आणि फुटपाथ 'दिव्यांग कल्याण'कडे नाही, पथ विभागाकडे आहे. पथ विभागाला वाटतं, दिव्यांगांचं ते बघणारं वेगळं खातं आहे. सामावून घेण्याचं एक खातं काढलं की बाकीची खाती मोकळी होतात, हा माझा अनुभव. शहर कुठलं ते विचारू नका, कुठलंही घ्या.

आमच्या कोपऱ्यावर नवा फुटपाथ झाला. रुंद, छान, अंधांसाठी पिवळ्या उठावाच्या फरश्या लावलेल्या. दोन्ही टोकांना दुचाकी चढू नयेत म्हणून लोखंडी खांब, मधलं अंतर इतकं की माझी खुर्ची जात नाही. आणि पिवळी पट्टी सरळ जाऊन एका विजेच्या डीपीला भिडते. तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाने पुढे काय करायचं?

मीनाताई, अर्जात एक ओळ टाका: संडासाला पायरी नको.

निर्विकार

हे सगळं ठीक आहे, पण आधी इथल्या भूमिपुत्रांना सामावून घ्या, मग बाहेरच्यांचं बघू. शहरं फुटायला आलीत.

रेवा_के

निर्विकार, बाहेरचे कोण? पुण्यातल्या कचरावेचक बायकांमध्ये मराठवाडा-सोलापूरकडच्या दुष्काळात, ७२ नंतर, आलेल्या कुटुंबांतल्या कितीतरी आहेत. बहुसंख्य दलित, त्यातही मांग आणि महार समाजातल्या. यांच्याइतकं भूमिपुत्र कोण? त्यांना शहरात यायला रस्ता होता, राहायला जागा नव्हती.

निर्विकार

मी परप्रांतीयांबद्दल बोलत होतो.

संपादक_मंडळ

परप्रांतीयांवर सहा धागे आधीच चालू आहेत. इथे विषयाला धरून लिहावे.

गिरगावचा_गणपा

मग विषयाला धरूनच, पण त्याच वळणाचं. मुंबई महापालिका आठ माध्यमांत शाळा चालवते: मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू. हे धोरण 'सर्वसमावेशक' हा शब्द फॅशनमध्ये यायच्या किती आधीपासूनचं! गिरणीत आणि गोदीत कामाला आलेल्यांची पोरं होती, त्यांना त्यांच्या भाषेत शिकवायला हवं, इतका साधा विचार. आमच्या जुन्या इमारतीत एका मजल्यावर मराठी आणि वरच्या मजल्यावर तेलुगू शाळा भरायची. मधल्या सुट्टीत लंगडी एकच. मला अजून तेलुगूत वीसपर्यंत अंक येतात आणि दोन शिव्या.

आता पट घटतोय. सगळ्यांना इंग्रजी माध्यम हवंय, तेलुगूवाल्यांनाही आणि मराठीवाल्यांनाही. त्या बाबतीत आम्ही अगदी एकमेकांत सामावून गेलो.

मोरवाडीची_रिक्षा

पिंपरी-चिंचवडचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. २०२२ मध्ये पालिकेने तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतलं. ग्रीन मार्शल म्हणजे रस्त्यावर थुंकणाऱ्याला, कचरा टाकणाऱ्याला पावती फाडणारे. मी रिक्षा चालवतो, त्यामुळे गेटवरचं रोज दिसतं. पहिले काही दिवस लोक गाडी हळू करून बघायचे, पोरं हसायची. मग एक दिवस एका म्हाताऱ्या बाबांनी सरळ जाऊन विचारलं, "पाणीपट्टीची खिडकी कुठं?" आणि त्यांनी सांगितलं, "आत जाऊन डावीकडं, बाबा." बघणाऱ्यांची मजाच गेली. जिथं काहीतरी विचारायला लागतं तिथं माणूस लवकर माणसाळतो, हे मी रिक्षात पण बघितलंय.

पण मीनाताईंची अट धरली तर दोन गोष्टी सांगायला पाहिजेत. असली कामं कंत्राटी असतात. कंत्राटावर ठेकेदार बदलला की पुन्हा पहिल्यापासून. दुसरं, माझ्या रिक्षात बसणाऱ्या एकीने सांगितलं की पगार सुरू झाला, तरी खोली मिळेना. वर्दीत गेलं की घरमालक म्हणतो, विचार करून सांगतो. वर्दी पालिकेची, खोली मालकाची.

हडसनकाठी

मी न्यूयॉर्कला, क्वीन्समध्ये राहते. ओळखपत्रांवरून आठवलं. या शहराने जानेवारी २०१५ मध्ये स्वतःचं ओळखपत्र काढलं. देशात राहण्याचे कागद आहेत की नाहीत हे न विचारता. तुम्ही कोण आणि शहरात राहता, इतकं दाखवलं की कार्ड. लिंग कोणतं लिहायचं ते अर्जदाराने स्वतः सांगायचं, त्याला पुरावा मागत नाहीत.

यात मला एक युक्ती फार आवडली. असं कार्ड फक्त बिनकागदाच्या लोकांनीच घेतलं असतं तर खिशातलं कार्डच चुगली करणार. मग शहराने त्याला मोठ्या संग्रहालयांचं आणि प्राणिसंग्रहालयांचं एक वर्षाचं फुकट सदस्यत्व जोडलं. झालं, फुकट म्हटल्यावर आमच्यासारखे देशी आणि मॅनहॅटनमधले सुखवस्तू गोरे सगळे रांगेत! मीही तसंच घेतलं. ज्याला खरी गरज आहे तो गर्दीत दिसेनासा झाला पाहिजे, हे त्यांना सुचलं.

पाच वर्षं थांबावंच लागलं नाही, दोन वर्षांतच दुसरी बाजू दिसली. नोव्हेंबर २०१६ च्या निवडणुकीनंतर प्रश्न उभा राहिला की अर्जाबरोबर घेतलेल्या कागदांच्या प्रती केंद्र सरकारने मागितल्या तर? त्या नष्ट करायच्या की ठेवायच्या यावर कोर्टकचेरी झाली, आणि पुढच्या अर्जांच्या प्रती ठेवणंच शहराने बंद केलं. आपण कुणाला आत घेतो तेव्हा त्याची यादीही होते. पाटीवाल्यांच्या वडिलांचा तो फोटो वाचताना हेच मनात आलं.

दीडशहाणा_१९६२

हडसनकाठी, हे नवीन कळलं, आभार. मीना, चाळणीचं घरी सांगितलं. सौ. म्हणाल्या, "हे मी चार वर्षांपूर्वी सांगितलं होतं." असो.

एक तांत्रिक शंका. 'स्वच्छ'चा २००८ चा करार पाच वर्षांचा होता म्हणता, म्हणजे २०१३ ला संपला. मग?

नळस्टॉपची_मीना

नेमक्या जागी बोट ठेवलंत. नवा करार व्हायला २०१६ उजाडलं. तोही पाच वर्षांचा, आणि तो संपायच्या वेळी पुन्हा मुदतवाढ, मग आणखी मुदतवाढ, ठेकेदाराला द्यायच्या चर्चा. मधल्या काळात कचरा रोज उचलला जात होता, शुल्क रोज मागितलं जात होतं, आणि बाईला उद्या आपण या गल्लीत आहोत की नाही हे माहीत नव्हतं. साडेतीन हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका. वर मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले, ते निवडणुका लांबत गेल्या तसे वर्षानुवर्षं राहिले. तेव्हा तक्रार घेऊन जायला प्रभागाचा माणूसच नव्हता. क्षेत्रसभा, म्हणजे आपल्या भागातल्या मतदारांची सभा, नावाचीही एक गोष्ट कायद्यात आहे म्हणतात. ती भरलेली पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय.

म्हणून मला ओळखपत्रापेक्षा कराराच्या तारखा जास्त बोलक्या वाटतात.

दोन_चाकं

मीनाताई, अर्जाचं काय झालं? आणि एक विचारू? मावश्यांना विचारलंत का?

नळस्टॉपची_मीना

नव्हतं विचारलं. तुमचा प्रश्न वाचून काल सकाळी खाली गेले. गुडघेवाल्या मावशी गाडीपाशी बाटल्या निवडत होत्या. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, संडास, मोरी, पाच लाखांपर्यंतचं काम. त्यांनी हात थांबवले नाहीत. म्हणाल्या, "बांधा की ताई. पर चावी कुणापाशी राहणार?"

मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. दोन चौक पलीकडे असाच एक आहे. चावी जवळच्या दुकानदाराकडे. दुकान उघडतं दहाला, यांचं काम सुरू होतं साडेसहाला. दहानंतर गेलं तर तो म्हणतो, "आत्ताच धुतलाय, घाण करू नका." मग त्या जातच नाहीत, पाणीच कमी पितात.

आणि त्यांची पहिली मागणी संडास नव्हतीच. पत्रा पाहिजे, म्हणाल्या. वरून. पावसात पुठ्ठा भिजला की भंगारवाला निम्मा भाव देतो, कधी घेतच नाही. ऐन पावसाळ्यात कमाई पडते आणि पोरांच्या शाळेचा खर्चही तेव्हाच. "संडास बी पाहिजे, पर पत्रा आधी."

मी सात वर्षं त्यांना कचरा देतेय आणि हे मला माहीत नव्हतं.

अर्ज आता असा आहे: फीडर पॉइंटजवळ पत्र्याची शेड, बाजूला ताडपत्री नको, पक्की भिंत. एक संडास, पायरी न ठेवता. एक नळ. आणि शेवटी ठळक अक्षरांत: कुलपाच्या दोन चाव्या, एक आरोग्य कोठीत (पालिकेच्या सफाई कामगारांच्या हजेरीची जागा), एक तिथे काम करणाऱ्या महिलांकडे. पहाटे सहा वाजता वापरता येईल अशी व्यवस्था.

पाटीवाल्याचा_मुलगा

चावीची ओळ कापतील. 'सदर बाब या अर्जाच्या कक्षेत येत नाही' असं लिहून येईल. तरी लिहाच. आणि पोच घ्या, शिक्का मारलेली, तारीख दिसेल अशी. फोटो काढून ठेवा.

मोरवाडीची_रिक्षा

शेडचं तोंड पश्चिमेला नको. आपल्याकडे पाऊस तिकडून येतो, पत्रा असून पुठ्ठा भिजेल.

नळस्टॉपची_मीना

हे कुठल्याच इंजिनिअरने सांगितलं नसतं. टाकते.

चौकस

लिफ्टचं काय झालं शेवटी?

नळस्टॉपची_मीना

लिफ्ट बंद आहे. देखभालीचा वार्षिक करार मार्चमध्येच संपलेला निघाला, नूतनीकरण कुणीच केलं नव्हतं. गेले नऊ दिवस सगळेच जिन्याने. काका सहाव्या मजल्यावर राहतात. काल मावशी त्यांच्या भाजीची पिशवी वर घेऊन जाताना दिसल्या.